हिरवा ठिपका बघून पाकीट घेतले, एवढे पुरते का?

बंदी उठली, ट्रिपा सुरू झाल्या. रेशन भरताना एका सभासदाने आम्हाला विचारले, "मेव्हणा अमेरिकेहून आलाय, ट्रॉलरवर यायचं म्हणतो. त्याला मटण, बीफ, डुक्कर यांची ॲलर्जी आहे, पण मासळी चालते. खाऊची पाकिटं कुठली घेऊ?" मासळी चालते आणि मटण नाही, हे ऐकून आम्ही आधी हसलोच. नंतर माहिती काढली, तेव्हा हसू गेले.

या ॲलर्जीला अल्फा-गॅल म्हणतात. ही एक प्रकारची साखर. गाय, बकरा, डुक्कर अशा पिलांना दूध पाजणाऱ्या जनावरांच्या मांसात ती असते. मासळी, सुंगटे, कोंबडी, अंडी यांत नसते. अमेरिकेत ठराविक जातीची गोचीड चावल्यावर काहींना ही ॲलर्जी लागते. तिथे २०१० ते २०२२ या काळात एक लाख दहा हजारांवर संशयित रुग्ण सापडले.

यात धोका असा की त्रास लगेच होत नाही. दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळ येते, उलट्या होतात, कधी श्वास अडकतो. म्हणजे संध्याकाळी खाल्ले तर मध्यरात्री, बोट किनाऱ्यापासून लांब असताना.

आता पाकीट. हिरवा ठिपका असेल तर आत मांस, चरबी, जिलेटीन नाही. पण आपल्याकडे दूध शाकाहारीत धरतात. चीज फ्लेवरच्या चिप्समध्ये व्हे पावडर, बिस्किटात मिल्क सॉलिड्स असतात. या ॲलर्जीच्या बहुतेकांना दूध सोसते, काहींना नाही, म्हणून हे त्या माणसालाच विचारावे. आयएनएस ४०७ म्हणजे कॅराजीनन, लाल समुद्री शेवाळापासून बनते. त्यावरही हिरवा ठिपकाच येतो, आणि काही रुग्णांना तेही बाधते. फ्लेवर्ड मिल्क, आइस्क्रीममध्ये बघा.

तपकिरी त्रिकोणावरून काहीच कळत नाही. आत नुसते अंडे असले तरी तो असतो. तेव्हा बारीक अक्षरातली यादी वाचायची, आणि जिलेटीन, लार्ड, टॅलो, बीफ, पोर्क दिसले की पाकीट परत ठेवायचे. चिकन सॉसेज घेताना जपा, वरचे आवरण डुकराच्या किंवा बकऱ्याच्या आतड्याचे असू शकते.

खाली "कंटेन्स" म्हणून ॲलर्जीची ओळ असते, तिच्यावर विसंबू नका. कायद्याने त्या ओळीत गहू, दूध, अंडी, मासळी, कुर्ल्या-सुंगटे, शेंगदाणे, सुकामेवा, सोया, सल्फाइट येतात. मांस आणि जिलेटीन त्या यादीतच नाही.

परदेशातून बॅगेत आलेल्या गमी, मार्शमेलोवर तर ठिपकाच नसतो. त्यात बहुधा जिलेटीन असते. औषधाच्या कॅप्सूलचे कवचही बहुधा त्याचेच.

असा माणूस बोटीवर असेल तर तांडेलाला आधी सांगा. डॉक्टरने दिलेले ॲड्रेनलीन इंजेक्शन त्याच्या जवळ हवे, बॅगेच्या तळाशी नको. श्वास अडकला तर इंजेक्शन देऊन लगेच व्हीएचएफ चॅनल १६ वर किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला कळवा.

शेवटी त्या ट्रिपला केळ्याचे वेफर्स, खारे शेंगदाणे आणि साध्या मिठाचे बटाटा वेफर्स घेतले. चोरीस भाजायचा तवा मात्र घरी ठेवायला सांगितला. बाकी बांगड्याची आमटी आणि भात त्याला चालतो.

— सचिव, संस्थेतर्फे