संकरित ज्वारीचे बी आणि पेशीतील जुना पाहुणा

वाघोलीत शेतकरी बंधूंशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. "संकरित ज्वारीचे बी घरचे का धरू नये?" याचे उत्तर पेशीच्या पूर्वेतिहासात आहे.

पेशीतील पाहुणे

ज्वारीच्या पेशीत केंद्रकाशिवाय दोन महत्त्वाचे घटक असतात. तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा मोकळी करतात, तर पानातील हरितलवके सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. हे दोन्ही मूळचे स्वतंत्र जीवाणू होत. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीत दुसरा जीवाणू शिरला व तेथेच राहिला. त्याच्या तंतुकणिका झाल्या. पुढे नील-हरित शेवाळाच्या पूर्वजापासून हरितलवके आली. हरभऱ्याच्या मुळावरील गाठीत रायझोबियम राहतो, तसेच हे सहजीवन. मात्र रायझोबियम जमिनीत स्वतंत्र जगतो, तंतुकणिका पेशीबाहेर जगत नाही.

दोन्ही घटकांना दुहेरी आवरण व स्वतःचा डी.एन.ए. असतो आणि ते जीवाणूप्रमाणे दुभंगून वाढतात. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली हा विचार सविस्तर मांडला. आज तो सर्वमान्य आहे.

बियाण्याशी संबंध

ज्वारीत तंतुकणिका फक्त मादीकडून, बीजांडातून पुढे जातात. परागाबरोबर जात नाहीत. त्यामुळे पराग तयार झाला नाही तरी तंतुकणिकेचे नुकसान होत नाही. काही तंतुकणिकांतील जनुके पराग बनूच देत नाहीत. अशा झाडास नर-वंध्य म्हणतात. केंद्रकातील काही जनुके हा दोष दूर करून पराग पुन्हा सुरू करतात.

याच गुणाचा उपयोग करून 1964 साली सी. एस. एच. 1 ही संकरित ज्वारी प्रसारित झाली. मादी वाण नर-वंध्य असल्याने हाताने परागकोश काढावे लागत नाहीत. नर वाणातील जनुकांमुळे शेतकऱ्याच्या शेतात कणसे भरतात. घरचे बी पेरल्यास ही जनुके विभागली जातात. काही झाडे पुन्हा नर-वंध्य निघतात, उंची व पक्वता कमीजास्त होते आणि उत्पादन घटते.

एक इशारा

अमेरिकेत मक्याचे बहुतेक संकरित वाण एकाच नर-वंध्य मादीवर आधारलेले होते. त्या तंतुकणिका करप्यास बळी पडणाऱ्या निघाल्या आणि 1970 साली सुमारे 15 टक्के पीक गेले. म्हणून मादीच्या बाजूनेही विविधता हवी. आपल्या मालदांडीकडूनही नर-वंध्यतेचा एक वेगळा स्रोत मिळाला आहे.

काय करावे?

1. संकरित ज्वारीचे प्रमाणित बी दरवर्षी नवे घ्यावे.
2. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी निवडक कणसांतून घरी धरावे.
3. बीजोत्पादन क्षेत्रात मादी ओळीतील पराग देणारी झाडे पराग सांडण्यापूर्वी उपटावीत.