शुद्धीवरचा सूर

एरोस्मिथ या अमेरिकन बँडचं 'आय डोन्ट वॉन्ट टू मिस अ थिंग' १९९८ साली आलं तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. पुढची नऊ वर्षं आमच्या बँडचा प्रत्येक कार्यक्रम त्याच गाण्यानं संपायचा. त्यांचा गायक स्टीव्हन टायलर माइकच्या स्टँडला रंगीबेरंगी ओढण्या बांधतो, म्हणून मी आईच्या जुन्या इरकलीच्या पट्ट्या फाडून बांधायचो. ओढण्यांबरोबर त्याच्या नशेच्या कहाण्याही मी उचलल्या. आधी स्टेजवर जाण्यापूर्वी एक क्वार्टर. मग कार्यक्रम संपल्यावर दुसरी. पुढे पुढे कार्यक्रम नसला तरी दोन.

कहाणी मी अर्धीच वाचली होती. १९८६ मध्ये बँडमधल्या साथीदारांनी आणि मॅनेजरनं टायलरला एका सकाळी समोर बसवलं आणि उपचाराला जायला भाग पाडलं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्यानंतर १९८७ मध्ये 'पर्मनंट व्हेकेशन' हा अल्बम आला, १९८९ मध्ये 'पंप', आणि १९९३ चा 'गेट अ ग्रिप' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि आमचं ते लाडकं गाणं? तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्यांचं पहिलंच गाणं ते. म्हणजे आम्ही झिंगून जे म्हणत होतो, ते त्यानं उपचारानंतर बारा वर्षांनी गायलं होतं.

त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. माझ्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर. माझ्या डोक्यात मात्र व्यसनमुक्ती म्हणजे 'त्या लोकांची' गोष्ट होती. मी कलाकार होतो ना!

माझी सकाळ २००७ च्या पावसाळ्यात उजाडली. ड्रमर आणि गिटारवाला साडेसातला घरी आले. आईनं चहा टाकला आणि ती उठून आत गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ड्रमर म्हणाला, "आधी बरा हो, माइक मग." मी खवळलो, कारण ते दोघंही पीत होते. टायलरलाही नेमका हाच राग होता, आणि तो त्यानं पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवला. राग खरा होता. पण सांगणारा पितो म्हणून माझं लिव्हर सुधारणार नव्हतं.

त्याआधीची एक गोष्ट ताईच्या परवानगीनं लिहितो. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात वाचून तिनं पुड्या मागवल्या आणि माझ्या वरणात मिसळल्या. संध्याकाळी मी नेहमीसारखा प्यायलो. दहा मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. रिक्षात मी ताईच्या मांडीवर आडवा. असल्या पुड्यांत बहुधा डायसल्फिराम असतं. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, तपासून देतात. चोरून दिलं तर जीवावर बेतू शकतं. शिवाय त्यानंतर दोन महिने मी घरी जेवलोच नाही. घरातला उरलासुरला विश्वासही त्या वरणात गेला.

दुसरी चूक माझी. एकदा 'आजपासून बंद' म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या उतरताना दिसायला लागल्या, आणि पहाटे फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम, एकट्यानं, घरी सोडू नये. यात मर्दानगी काही नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चारपाच दिवस औषधांनी सुसह्य होतात.

शेवटी मी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथे माझा एकच प्रश्न होता: प्यायल्याशिवाय गाता येईल का? उत्तर ड्रमरनं दिलं, तेही न बोलता. मी बाहेर आल्यावर त्यानं आमच्या जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लावली. ज्या रात्री मी आकाशात होतो असं मला आठवत होतं, त्या रात्री मी अर्धा स्वर खाली गात होतो. तीन गाणी सलग. दुसऱ्या गाण्यात एक कडवं गाळलेलं. टाळ्या पडत होत्या, पण त्या गिटारवाल्याला. ते ऐकताना मला दारूपेक्षा कानांची जास्त लाज वाटली.

शुद्धीवरचा पहिला कार्यक्रम आठ महिन्यांनी झाला. पाय लटपटत होते. सूर मात्र जागेवर होता.

चौथ्या वर्षी घसरलो. आमच्या व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये याला 'स्लिप' म्हणतात. माझी स्लिप स्लिप डिस्कनंच केली! पाठ धरली, डॉक्टरांनी जोरदार वेदनाशामक गोळ्या दिल्या. माझा इतिहास त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. पाच दिवसांच्या गोळ्या मी पाच आठवडे मिळवत राहिलो, आणि शेवटी पुन्हा वाइन शॉप. २०२२ मध्ये पायाच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांमुळे टायलरही घसरला, तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. बँडनं ते जाहीर सांगून टाकलं, लास वेगासचे जून-जुलैचे कार्यक्रम रद्द केले आणि तो पुन्हा उपचारांना गेला. लपवलं नाही, हे मला त्याच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठं वाटतं. मी आता दात काढायला गेलो तरी आधी सांगतो: "डॉक्टर, मी मद्यपी आहे, गोळी जपून द्या." एकदा रिसेप्शनवरची मुलगी चमकली. चमकू दे.

आज माझं बरं चाललंय. जाहिरातींची जिंगल्स, दोन मालिकांची शीर्षकगीतं, गाणं शिकायला येणारी बारा मुलं. स्टुडिओवाले मला का बोलावतात हे एका रेकॉर्डिस्टनं सांगितलं. आवाजाबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "नऊचा कॉल असला की तू पावणेनऊला येतोस."

दर शुक्रवारी संध्याकाळी मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. ताई तिथे जाते. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १४४४६. घरात आत्ता दारूवरूनच भांडण चालू असेल, तर ते थांबवा आणि फोन लावा. पिणारा तयार नसला तरी हरकत नाही, फोन घरच्यांनी केला तरी चालतो.