शिकाऊ धनुर्धरासाठी धनुष्याची निवड

धनुर्विद्या ही आपल्या देशातील प्राचीन कला असली, तरी संघटित क्रीडाप्रकार म्हणून तिचा प्रसार तसा अलीकडचा आहे. भारतीय तिरंदाजी संघटनेची स्थापना १९७३ साली झाली. पुढे पन्नास वर्षांनी, २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत, सातारा जिल्ह्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपद मिळविले. अशा यशाच्या वार्ता वाचून मुलांना या खेळाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु पहिले धनुष्य चुकीचे हाती आले, तर उत्साही मूलही चार आठवड्यांत खेळ सोडून देते आणि प्रसंगी खांद्याची दुखापत पदरी पडते. म्हणून शिक्षक, पालक व साहित्य खरेदी करणारे अधिकारी यांनी एक तत्त्व ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे : मुलाच्या मापाने धनुष्य निवडावे, धनुष्याच्या मापाने मुलाला ताणू नये.

शिकारीचे धनुष्य व सरावाचे धनुष्य

परदेशी माहितीपत्रकांतून मुलांच्या धनुष्यांविषयी जो सल्ला आढळतो, तो पुष्कळदा हरणाच्या शिकारीसाठी दिलेला असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत परवाना घेऊन अशी शिकार करता येते. बाण प्राण्याच्या शरीरात खोलवर जावा यासाठी तेथे जोरदार धनुष्य आवश्यक मानतात. चाळीस पौंड ओढीचा उल्लेख वारंवार येतो. हे धनुष्य बहुधा कप्प्यांचे, म्हणजे कंपाउंड जातीचे असते. अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ओढल्यावर त्याचा भार सुमारे पासष्ट ते ऐंशी टक्क्यांनी उतरतो. म्हणजे भार पंचाहत्तर टक्के उतरत असेल, तर चाळीस पौंडांचे कंपाउंड धनुष्य नेम धरताना दहाच पौंडांनी ओढते. साध्या धनुष्यात मात्र चाळीस पौंडांचा सगळा भार शेवटपर्यंत हातावर राहतो. हा भेद न ओळखता तोच आकडा शाळेच्या मागणीपत्रात लिहिणे मुलांच्या दृष्टीने घातक ठरेल.

आपल्याकडे तर शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ, सांबर, काळवीट आदी प्राण्यांच्या शिकारीस मनाई असून शिकारीचा प्रयत्नही ‘शिकार’ या व्याख्येत मोडतो. आपले लक्ष्य गवताच्या गादीवरील कागदी फलक आहे, व त्यात बाण रुतण्यास हलके धनुष्य पुरेसे होते.

ओढीची लांबी व भार

प्रथम मुलास भिंतीशी उभे करून दोन्ही हात आडवे पसरावयास सांगावे. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मोजून त्यास अडीचने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या मुलाच्या ओढीची अंदाजी लांबी. उदाहरणार्थ, हे अंतर १५० सेंटिमीटर असल्यास ओढ ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेतेवीस इंच येते. एवढ्या ओढीस साधारणतः ६२ इंच किंवा त्याहून आखूड धनुष्य सोयीचे होते. सत्तावीस-अठ्ठावीस इंच ओढीस ६६ ते ६८ इंचांचे लागते.

धनुष्यावर छापलेला भार अठ्ठावीस इंच ओढीचा असतो. हलक्या धनुष्यात दर इंचामागे सुमारे एक पौंड कमी होतो. म्हणून वीस पौंडांचे धनुष्य चोवीस इंच ओढणाऱ्या मुलाच्या हाती सोळा पौंडांच्या आसपास भरते. दहा ते बारा वर्षांच्या मुलांनी प्रत्यक्ष हाती येणाऱ्या दहा ते चौदा पौंडांवर, व तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी चौदा ते वीस पौंडांवर आरंभ करावा. तथापि वयापेक्षा प्रत्यक्ष परीक्षा अधिक विश्वसनीय. मुलाने लक्ष्याकडे तोंड करून, बाण लावून धनुष्य ओढावे व दहा सेकंद स्थिर धरावे. कंबर मागे झुकली, खांदा कानाकडे चढला अथवा हात थरथरला, तर ते धनुष्य त्याच्यासाठी जड आहे असे समजावे.

बाण व संरक्षक साहित्य

शिकाऊ मुलाचा बाण त्याच्या ओढीपेक्षा किमान दोन इंच लांब असावा. आखूड बाण ओढताना टेकूवरून मागे घसरतो, व सुटला तर हातात घुसू शकतो. बाणाचा ताठपणा क्रमांकाने दर्शवितात. क्रमांक जितका मोठा, तितका बाण लवचीक. हलक्या धनुष्यास लवचीक बाणच योग्य. तडा गेलेला बाण तात्काळ बाद करावा. हातावरील कवच, छातीवरील कवच व बोटांसाठी चामड्याची पट्टी ही चैन नसून आवश्यक साहित्य होय.

खरेदी करताना

शाळेने शक्यतो जोड-धनुष्य घ्यावे. त्याची मधली मूठ तीच ठेवून वरची व खालची पाती बदलता येतात. मूल वाढेल तसा दोन-दोन पौंडांनी भार वाढवावा. नवे धनुष्य घ्यावे लागत नाही. निधी अपुरा असल्यास बांबूचे धनुष्यही उत्तम. राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ प्रकारात तीस व पन्नास मीटरवर तेच वापरतात. मात्र ओढताना दोन्ही बाजू सारख्या वाकतात किंवा नाही, हे पाहून घ्यावे. मागणीपत्रात ‘धनुष्य, नग दहा’ एवढेच न लिहिता लांबी, भार, उजवे की डावे, हे स्पष्ट नमूद करावे. जो डोळा प्रबळ, त्या बाजूच्या हाताने प्रत्यंचा ओढणे हितावह असते.

मैदानावरील शिस्त

बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडू नये. त्याने पाती तुटून इजा होते. दोन शिट्ट्यांवर रेषेवर यावे, एका शिट्टीवर बाण सोडावेत, तीन शिट्ट्यांवर सर्वांनी मिळून बाण आणावेत. कोणीही पुढे असता धनुष्य उचलू नये. आरंभीचे अंतर दहा मीटरांहून अधिक असू नये.

हलक्या धनुष्याने शिकण्यात कमीपणा नाही. जे मूल बारा पौंडांचे धनुष्य शंभर वेळा एकाच रीतीने ओढते, तेच पुढे सत्तर मीटरवरील लक्ष्य भेदण्यास पात्र होते.