छायाचित्राचे संपादन : रॉ फाइलपासून छपाईच्या प्रतीपर्यंत

भाषेच्या क्षेत्रकार्यात छायाचित्र हा पुरावा असतो. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातमध्ये येतो आणि त्यावर तसे लिहिलेलेही आहे. या बाकाचे छायाचित्र आपल्याला प्रकल्प-अहवालात छापायचे आहे, असे समजा.

कॅमेऱ्यातील रॉ फाइल ही मूळ हस्तलिखितासारखी असते. १४ बिटांच्या रॉ फाइलीत प्रकाशाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६. म्हणून उजेडाची व रंगसंतुलनाची दुरुस्ती रॉ फाइलीवरच करावी आणि मग १६ बिटांची टिफ प्रत काढावी. जेपेग आकार घटवण्यासाठी माहिती गाळते. ती पुनःपुन्हा जतन केल्यास अक्षरांच्या कडा आणि अनुस्वार धूसर होतात.

छपाईसाठी साधारणतः दर इंचास ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे १५ सेंमी रुंद चित्रासाठी सुमारे १,७७२. शेवटी मुद्रकाने सांगितलेल्या प्रोफाइलनुसार सीएमवायके प्रत करावी. शाईत न उतरणारे भडक रंग येथे फिके पडतात. म्हणून नमुना-प्रत पाहूनच संमती द्यावी.

मात्र चित्र कापताना बाकाचा एकच अर्धा भाग उरला, तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष चित्रही दिशाभूल करील. रूपांतर हे संपादनच होय. पाठसंपादकाप्रमाणे मूळ फाइल जपा आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवा.

स्वाध्याय : आपल्या गावातील एका द्विभाषिक फलकाचे छायाचित्र वरील क्रमाने छपाईसाठी सिद्ध करा.