मूत्रचाचणी, शाळा आणि किशोरवयीनांचा खासगीपणा

दोन महिन्यांपूर्वी इंदूरमधील एका शाळेच्या पालक-शिक्षक मंडळाचे पत्र मला आले. आंतरशालेय क्रीडास्पर्धा, बँडपथक आणि वार्षिक सहल यांत भाग घेऊ इच्छिणाऱ्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची अमली पदार्थांसाठी मूत्रचाचणी सक्तीची करावी असा विचार चालू आहे, बालरोगतज्ज्ञ म्हणून आपले मत कळवावे, अशी विनंती त्यात होती. पत्राच्या अखेरीस एक वाक्य होते, ‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा चाचण्या वैध ठरविल्या आहेत.’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. आपल्यापैकी अनेकांना आज ना उद्या असे पत्र येणार, म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहे.

व्हर्नोनिया हे ओरेगॉन राज्यातील लाकूडतोडीवर जगणारे लहानसे गाव. १९८० नंतरच्या दशकात तेथील शाळांत अमली पदार्थांचे सेवन वाढले आणि खेळाडूच त्यात पुढे आहेत, असे शाळाचालकांचे मत झाले. त्यांनी १९८९ मध्ये नियम केला की, हंगामाच्या प्रारंभी प्रत्येक खेळाडूची आणि पुढे दर आठवड्यास चिठ्ठी टाकून निवडलेल्या दहा टक्के खेळाडूंची मूत्रचाचणी व्हावी. १९९१ मध्ये सातवीतील जेम्स ॲक्टन याला फुटबॉल खेळावयाचा होता. त्याच्यावर कोणाचाही संशय नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याच्या आईवडिलांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली. न्यायमूर्ती स्कालिया यांचा एक मुद्दा असा होता की, विद्यार्थी शाळेच्या देखरेखीखाली असतात, त्यातही खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत एकमेकांसमोर उघडे होतातच, तेव्हा त्यांची खासगीपणाची अपेक्षा मुळातच कमी. डॉक्टर म्हणून मला हा युक्तिवाद पटत नाही. सोबत्याला दिसलेली पाठ आणि मूत्रातून उघड झालेला आजार या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी विरोधी निकालपत्रात म्हटले होते की, संशय असलेल्याचीच तपासणी करण्याचा मार्ग उपलब्ध असताना सर्वांना रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

पुढचे पाऊल ओक्लाहोमा राज्यातील टेकमसे गावी पडले. तेथे १९९८ मध्ये ही अट खेळापुरती न राहता सर्वच स्पर्धात्मक उपक्रमांना लागू झाली. लिंडसे अर्ल्स ही मुलगी गायनवृंदात, बँडपथकात आणि ज्ञानस्पर्धेच्या चमूत होती. तिने आव्हान दिले आणि २००२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. शाळेने केलेल्या सुमारे पाचशे चाचण्यांत दोष दाखविणाऱ्या चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. याच खटल्यातील आणखी एका तपशिलाने मी थबकलो. चाचणीपूर्वी विद्यार्थ्यांनी आपण घेत असलेल्या औषधांची यादी द्यावयाची होती. गायनशिक्षकांनी त्या याद्या पाहिल्या आणि इतर मुलांच्या दृष्टीस पडतील अशा ठेवल्या, अशी तक्रार होती. न्यायालयाने तिला फारसे महत्त्व दिले नाही. आपण ते द्यावयास हवे. अपस्मारासाठी फिनोबार्बिटोन घेणारी सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिच्या घरचे लोक या गोळ्या पाहुण्यांपासून लपवितात. का, ते आपल्या समाजात कोणास सांगावयास नको. चाचणीत बार्बिट्युरेटचा समावेश असेल तर ही मुलगी ‘दोषी’ ठरेल, आणि नसेल तरी यादीमुळे तिचा आजार कर्मचारीवर्गाच्या तोंडी जाईल.

न्यायालयापुढे प्रश्न एवढाच होता की, संविधान या चाचणीस मनाई करते काय. त्यात मुलाचे हित आहे काय, हा प्रश्न वेगळा आणि तो आपला आहे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आपल्या राज्याच्या संविधानाच्या आधारे अशी सरसकट चाचणी अवैध ठरविली, हेही पत्रलेखकांना ठाऊक नसावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी अर्ल्स खटल्यात मुलीच्या बाजूने उभी होती, आणि २०१५ च्या धोरणपत्रातही तिने शाळांमधून अशा चाचण्यांचा सरसकट अवलंब करण्यास विरोधच केला.

परिणामांचा पुरावा संमिश्र आहे. मिशिगन विद्यापीठाच्या २००३ मधील अभ्यासात चाचणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांतील सेवनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१० मध्ये ३६ शाळांवरील एका सरकारी अभ्यासात, चाचणीच्या कक्षेत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी १६ टक्क्यांनी मागील महिन्यात सेवन केल्याचे सांगितले. चाचणी नसलेल्या शाळांत हे प्रमाण २२ टक्के होते. हा फरक नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुढे सेवन करण्याच्या इराद्यात काही बदल झाला नाही, आणि उपक्रमांत नसलेल्या इतर विद्यार्थ्यांवर कोणताही परिणाम दिसला नाही. ज्या मुलाची आपणांस खरी काळजी, ते मूल बहुधा या इतरांतच असते. त्याला मैदानाच्या दारात बाटली दाखविली तर ते मैदानावर येणेच सोडील. मग संध्याकाळचे दोन तास ते कोठे घालवील याचा विचार मंडळाने केला आहे काय?

आता चाचणीविषयी. प्राथमिक चाचणी प्रतिपिंडांवर आधारलेली, स्वस्त आणि चुकीस वाव असलेली असते. निश्चितीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि तो खर्च शाळा करीत नाही. सर्दीच्या औषधातील स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामिनचा आभास निर्माण करू शकते. खसखशीमुळे मूत्रात मॉर्फिन सापडू शकते, म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या चाचण्यांसाठी मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर करावी लागली. आपल्या घरी दिवाळीत अनारसे होतातच! भांगेची गोष्ट त्याहून अवघड. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, आणि मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. परंतु मूत्राला पान आणि फुलोरा यांतील भेद कळत नाही. होळीची ठंडाई पुढे कित्येक दिवस मूत्रात बोलत राहते.

उलट जे सापडावयास हवे ते सापडतच नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, हुंगावयाची द्रव्ये हा एकच वर्ग असा आहे की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक आहे, सुमारे ४.६ लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात आहे. थिनर आणि पंक्चरचे सोल्यूशन नेहमीच्या मूत्रचाचणीत दिसत नाही. मद्यही काही तासांत निघून जाते.

आपल्या देशात २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, असे त्यात सांगितले आहे. शिवाय आपल्या कायद्यात अमली पदार्थाचे सेवन हाही गुन्हा आहे. शाळेच्या कपाटात पडलेला होकारार्थी अहवाल हा केवळ आरोग्याचा कागद राहत नाही. आणि रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन आपल्यावर २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी घातले आहेच.

हे सर्व लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची मला शंका आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘काविळीची तपासणी म्हणून सांगा, पण गांजाची करा.’ मी केली. अहवाल होकारार्थी आला आणि मी तो वडिलांच्या हाती दिला. मुलगा पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याच्या घरी काय घडले ते मला फार उशिरा, आणि तेही इतरांकडून कळले. पुढे एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.’ ती परीक्षा शास्त्रशुद्ध होती, निदान अचूक होते आणि रुग्ण माझ्या हातून गेला होता.

तेव्हापासून तेरा वर्षांवरील प्रत्येक मुलाशी मी आईवडिलांना बाहेर बसवून काही मिनिटे बोलतो. घर, शाळा, मित्र, झोप आणि मग व्यसन, असा क्रम ठेवतो. जिवाला धोका नसेल तर गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही, आणि असेल तर आधी तुला सांगून मग घरी सांगेन, हे प्रथमच स्पष्ट करतो. मूत्रचाचणी लागलीच तर मुलाला सांगून, त्याच्या होकाराने आणि उपचाराचा भाग म्हणून करतो.

शाळेला मी नकारार्थी मत कळविले, आणि महिन्यातून एक शनिवार समुपदेशनासाठी स्वतः येण्याची तयारी दाखविली. मंडळाच्या एका सदस्यांनी दूरध्वनीवर विचारले, ‘पण डॉक्टरसाहेब, चाचणी नाही तर मुले सापडणार कशी?’ मी त्यांना एवढेच सुचविले की, शाळेच्या मागील गल्लीतील सायकल दुरुस्तीच्या दुकानातून दिवसाला सोल्यूशनच्या किती ट्यूबा जातात आणि त्या घेणाऱ्यांपैकी किती जणांकडे सायकल असते, हे आधी एकदा जाऊन पाहावे.