पर्वत एक, मापे दोन

उत्तर बिहारच्या सपाट मैदानातून हवा निर्मळ असताना हिमालयाची शिखरे दिसतात. आकाशाच्या कडेवर कोणी शुभ्र रेघ ओढावी, तशी ती भासतात. १८४९-५० च्या सुमारास ह्या मैदानात भारतीय सर्वेक्षण विभागाची माणसे आपला जड थिओडोलाइट घेऊन एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे जात होती. नेपाळच्या हद्दीत पाऊल टाकण्याची त्यांना परवानगी नव्हती. तेव्हा शंभराहून अधिक मैल दूर असलेल्या शिखरावर दुर्बीण रोखावयाची, त्याच्या माथ्याचा कोन मोजावयाचा आणि पुढील काम गणितावर सोपवावयाचे, एवढा एकच मार्ग त्यांना मोकळा होता. तिबेटी लोक ज्याला चोमोलुंग्मा म्हणत, ते शिखर विभागाच्या वहीत केवळ ‘पंधरावे शिखर’ म्हणून नोंदले गेले.

मोजलेल्या कोनांवरून उंची काढणे हे काम सोपे नव्हते. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचे शिखर आहे त्याहून खाली दिसते; हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो, त्यामुळे ते आहे त्याहून वर दिसते. ह्या दोन्ही गोष्टींचा हिशेब करणे आवश्यक होते. विभागाचे मुख्य गणक राधानाथ सिकदार आणि त्यांचे सहकारी यांनी हे गणित चिकाटीने पुरे केले. सहा ठाण्यांवरून सहा उत्तरे आली. त्यांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान उत्तरांत पस्तीस फुटांचे अंतर होते. त्या सर्वांची सरासरी निघाली २९,००२ फूट. विभागाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी १८५६ साली ही उंची जाहीर केली, आणि जगातील सर्वांत उंच शिखराचा मान ह्या पंधराव्या शिखराकडे आला. पुढे त्याला एव्हरेस्ट हे नाव मिळाले.

ह्या आकड्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गणिताचे उत्तर बरोबर २९,००० फूट आले होते. परंतु इतका गोल आकडा पाहून लोक त्याला अंदाज समजतील, म्हणून त्यात दोन फूट वाढविण्यात आले, असे सांगतात. सहा ठाण्यांच्या उत्तरांची सरासरीच २९,००२ च्या जवळ येते, हे पाहता ह्या कथेवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. तथापि तीत मनुष्यस्वभावाचे एक मर्म आहे. आकडा गोल असला की तो ढोबळ वाटतो. आणि शेवटी एखादा सुटा अंक असला की तो काटेकोर वाटतो.

आता हेच आकडे मीटरांत मांडले तर काय होते? ज्या २९,००० फुटांविषयी लोकांना शंका आली असती, त्यांचे ८,८३९ मीटर होतात. हा आकडा अगदी काटेकोर दिसतो. उलट २९,००२ फुटांचे होतात ८,८४० मीटर. आणि हाच आकडा अंदाजाचा भासू लागतो! पर्वत तसूभरही हलला नाही, मोजणी बदलली नाही. बदलली ती केवळ मोजपट्टी. पर्वतांच्या उंचीसाठी फूट बरा की मीटर, हा वाद ह्याच मोजपट्टीचा आहे.

फूट हे माप अतिशय जुने. मनुष्याच्या पावलावरून ते निघाले, आणि जितके देश तितकी पावले अशी त्याची स्थिती झाली. पॅरिसचा जुना फूट इंग्रजी फुटाहून सुमारे दोन सेंटिमीटरांनी मोठा होता. आल्प्समधील माँ ब्लाँ ह्या शिखराची उंची आज सुमारे ४,८०७ मीटर धरतात. तिचे इंग्रजी फूट होतात १५,७७१. पण पॅरिसच्या जुन्या फुटांनी मोजले तर ते १४,८०० च्या आसपासच भरतात. एकच पर्वत लंडनमध्ये उंच आणि पॅरिसमध्ये ठेंगणा, असा हा प्रकार होता. प्रवासवर्णन वाचणाऱ्याने प्रथम लेखकाचा फूट कोणता, हे शोधावे आणि मग पर्वताची उंची जाणावी!

हा गोंधळ मिटावा ह्या हेतूने फ्रान्समधील विद्वानांनी १७९१ साली एक नवे माप सुचविले. ते कोणा राजाच्या पावलाचे नव्हते, तर साऱ्या मानवजातीच्या मालकीच्या पृथ्वीचे होते. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले. हे अंतर निश्चित करण्यासाठी दलांब्र आणि मेशँ ह्या दोन शास्त्रज्ञांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा प्रदेश मोजला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत हे काम करताना त्यांना सहा वर्षे लागली. १७९९ साली मीटरची प्लॅटिनमची प्रमाणपट्टी तयार झाली. १८७५ साली अनेक राष्ट्रांनी करार करून ह्या मापाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. आणि नवलाची गोष्ट अशी की, पुढे फुटालाही मीटरचाच आधार घ्यावा लागला. देशोदेशींच्या फुटांत असलेला सूक्ष्म फरक नाहीसा करण्यासाठी १९५९ साली इंग्रजी भाषक राष्ट्रांनी एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, अशी व्याख्या स्वीकारली.

मीटरचा पक्ष घेणारे दोन गोष्टी पुढे करतात. पहिली गोष्ट हिशेबाची. दोन किलोमीटर अंतरात वाट दोनशे मीटर चढत असेल, तर तो चढ दहास एक आहे, हे लहान मूलही सांगेल. तीच वाट सव्वा मैलात ६६० फूट चढते असे म्हटले, तर मैलाचे ५,२८० फूट आठवून गुणाकार-भागाकार करत बसावे लागते. दुसरी गोष्ट एकवाक्यतेची. हिमालयाच्या एका बाजूस नेपाळ व भारत, दुसऱ्या बाजूस चीन. आणि चढावयास येणारे गिर्यारोहक साऱ्या जगातील. सर्वांची भाषा निराळी असली तरी मोजमापाची भाषा एक असावी, हे म्हणणे कोणालाही पटेल.

फुटाचा पक्षही अगदीच दुबळा नाही. मीटरपेक्षा फूट लहान; म्हणून पूर्णांकातच उंची सांगावयाची झाली, तर फुटांतील आकडा अधिक बारकाईने सांगता येतो. शिवाय दीडशे वर्षांच्या नोंदी, नकाशे आणि प्रवासवृत्ते फुटांत लिहिलेली आहेत. अमेरिकेत आजही पर्वतांची उंची प्रामुख्याने फुटांतच सांगतात. आणि आकाशात तर फुटाचेच राज्य आहे. जगातील बहुतेक देशांत विमानाची उंची फुटांत मोजली जाते.

ह्या शेवटच्या गोष्टीमुळे वाद केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. जुन्या पुस्तकांत त्याची उंची ५,४०० फूट दिलेली आढळते. आता १,६४६ मीटर असे लिहितात. समजा, एखाद्या नकाशावर १,६४६ एवढाच आकडा छापला आहे आणि त्यापुढे एकक लिहिलेले नाही. ढगांतून ३,००० फुटांवरून जाणारा वैमानिक त्या आकड्याला फूट समजला, तर शिखर आपल्या खाली खोल आहे अशा विश्वासाने तो सरळ पुढे जाईल. प्रत्यक्षात शिखराचा माथा त्याच्याही वर २,४०० फूट असेल. आकड्यापुढील एका शब्दाची किंमत किती असते, हे अशा वेळी कळते.

पर्वतांची कीर्तीदेखील पुष्कळदा मोजपट्टीवर अवलंबून असते. जगात ८,००० मीटरांहून उंच अशी चौदा शिखरे आहेत. त्या सर्वांवर चढणे ही गिर्यारोहणातील थोर कामगिरी मानली जाते. राइनहोल्ड मेस्नर यांनी ती १९८६ साली प्रथम पूर्ण केली. ह्या चौदांची नावे अनेकांना पाठ असतात. पंधराव्याचे नाव मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ते आहे ग्याचुंग कांग, उंची ७,९५२ मीटर. अवघे अठ्ठेचाळीस मीटर कमी पडल्यामुळे ते बिचारे पंक्तीबाहेर राहिले. जगाने फुटांत मोजणी केली असती आणि २६,००० फुटांची मर्यादा घातली असती, तर त्याचे २६,०८९ फूट त्याला मानाने पंक्तीत बसवते. उलट स्कॉटलंडमध्ये फुटाची मर्यादा चालते. ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तेथील ३,००० फुटांहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली, आणि ती शिखरे ‘मन्रो’ ह्याच नावाने ओळखली जाऊ लागली. २००९ साली नव्या मोजणीत त्यांतील एक शिखर सुमारे एका मीटरने कमी भरले आणि यादीतून वगळले गेले. ३,००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर. मीटरांत विचार करणाऱ्याने अशी मर्यादा कधीच निवडली नसती! त्या शिखरावरील वारा मात्र यादीत असतानाही तसाच वाहत होता आणि आजही तसाच वाहतो.

एका मापातून दुसऱ्या मापात जाताना आणखी एक धोका असतो. १९५२ ते १९५४ ह्या काळात बी. एल. गुलाटी यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय सर्वेक्षण विभागाने एव्हरेस्टची पुन्हा मोजणी केली. उंची २९,०२८ फूट ठरली. तिचे मीटर होतात ८,८४७.७३, म्हणून पुस्तकांत ८,८४८ मीटर असे छापले गेले. पुढे कोणी ह्या ८,८४८ मीटरांचे पुन्हा फूट केले, तेव्हा उत्तर आले २९,०२९. कोणत्याही मोजणीशिवाय, केवळ कागदावर ये-जा करताना एव्हरेस्ट एक फूट वाढले! तसेच कळसूबाईचे. ५,४०० फुटांना ०.३०४८ ने गुणले तर १,६४५.९२ मीटर येतात. मूळ आकडा शेकड्यांत गोल. पण रूपांतरित आकडा मात्र सेंटिमीटरपर्यंत मोजल्याचा आव आणतो. गुणाकाराने आकड्याचे अंक वाढतात. मोजणीची अचूकता वाढत नाही.

नकाशांनाही ह्या स्थित्यंतरातून जावे लागले. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात नवे नकाशे निघू लागले, तेव्हा पन्नास-पन्नास फुटांच्या जुन्या समोच्चरेषा तशाच ठेवून त्यांवर मीटरांचे आकडे लिहिण्यात आले. त्यामुळे १५, ३०, ४६, ६१ अशा अवघड पायऱ्यांनी डोंगर चढू लागले! नवे माप खऱ्या अर्थाने स्वीकारावयाचे तर केवळ आकडे बदलून भागत नाही. मोजणी आणि रेषा दोन्ही नव्याने कराव्या लागतात, हे त्यावरून दिसून आले. भारताने १९५६ साली कायदा करून दशमान पद्धतीची वजनेमापे स्वीकारली. शेर व मण जाऊन किलोग्रॅम आला, मैल जाऊन किलोमीटर आला. तरीही माणसाची उंची आणि घराचे क्षेत्रफळ लोक अजून फुटांतच सांगतात. जुनी मापे कायद्याने जातात, पण जिभेवरून लवकर जात नाहीत.

८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ व चीन ह्या दोन देशांनी एव्हरेस्टची नवी उंची एकत्रितपणे जाहीर केली. ती आहे ८,८४८.८६ मीटर. दोन्ही देशांचे भूमापक स्वतंत्रपणे शिखरावर गेले होते, उपग्रहांच्या साहाय्याने त्यांनी मोजणी केली होती, आणि शेवटी दोघांनी एकच आकडा मान्य केला. माप एक असल्यामुळे त्यांना वाद घालावयाचा झाला तर तो पर्वताविषयी घालता आला, मोजपट्टीविषयी नव्हे. समान मापाचा खरा लाभ हाच होय.

म्हणून नव्या मोजणीस मीटर हेच माप योग्य. पण जुनी नोंद फुटांत असेल, तर ती पुसून टाकू नये. मूळ आकडा, त्याचे एकक आणि मोजणीचे वर्ष ही तिन्ही जपावीत. २९,००२ ह्या आकड्यात आज चूक दिसते, परंतु शंभर मैलांवरून, परक्या सीमेबाहेर उभे राहून, केवळ कोन मोजून काढलेली ती उंची खऱ्या उंचीपासून तीस फूटही ढळलेली नव्हती. ती नोंद जशीच्या तशी राहिली, म्हणूनच सिकदारांसारख्या गणकांचे मोठेपण आज कळते. पर्वताला फूटही ठाऊक नसतो आणि मीटरही ठाऊक नसतो. मापे माणसाची आहेत. आणि ती प्रामाणिकपणे वापरणे, हे कामही माणसाचेच आहे.

स्वाध्याय

१. पंधराव्या शिखराची उंची दुरूनच का मोजावी लागली? ती काढताना कोणत्या दोन गोष्टींचा हिशेब करावा लागला?
२. २९,००० आणि २९,००२ फूट हे आकडे मीटरांत मांडल्यावर कोणती गंमत दिसून येते?
३. मीटरच्या आणि फुटाच्या बाजूने केलेले युक्तिवाद तुमच्या शब्दांत लिहा. तुम्हाला कोणता पक्ष पटतो? का?
४. ‘गुणाकाराने आकड्याचे अंक वाढतात, मोजणीची अचूकता वाढत नाही.’ हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तसूभरही न हलणे, आव आणणे, पंक्तीबाहेर राहणे.
६. तुमच्या गावाजवळील डोंगराची किंवा किल्ल्याची उंची जुन्या व नव्या पुस्तकांत कोणत्या एककात दिली आहे, ते शोधा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.