पेटीवरचा मजकूर आणि पेटीतला माल

तहसील कचेरीत ३३ वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, वारसनोंदीच्या प्रकरणात एक मृत्युदाखला कमी आहे एवढ्यावरून भल्याभल्यांना परत पाठविलेल्या, आणि ‘कागद पुरा असल्याखेरीज सही नाही’ ही आपली ख्याती मनातल्या मनात कुरवाळीत बसणाऱ्या एका गृहस्थाने, घरच्या टीव्हीला जोडावयाची एक पेटी मात्र तिच्या वेष्टनावरील चार ठळक ओळी वाचून, तळाशी काय छापले आहे हे उलटून न पाहता, रोख २,८०० रुपये मोजून घरी आणली. तो गृहस्थ मीच. ही कैफियत मी सहानुभूतीच्या अपेक्षेने रुजू करीत नाही. असली पेटी घेण्याचा विचार ज्यांच्या घरी चालू असेल त्यांना माझ्या पैशात शहाणपण मिळावे, एवढाच हेतू आहे.

पेटीची गरज खरी होती. आमचा टीव्ही २०१६ सालचा, ४३ इंची. चित्र अद्याप स्वच्छ, आवाज खणखणीत. परंतु त्याच्या पोटातील अ‍ॅपना नव्या आवृत्त्या मिळेनाशा झाल्या होत्या आणि एक चित्रपटसेवा तर उघडेनाशीच झाली होती. डोळे शाबूत, पण लिपी बदलल्यामुळे वाचता येत नाही, अशी त्या संचाची अवस्था. अशा वेळी सुस्थितीतला संच भंगारात न काढता एचडीएमआयच्या तारेने एक छोटी पेटी त्याला जोडावी आणि चालू काळाची विद्या तिच्याकरवी त्याला द्यावी, हा विचार सर्वथा युक्त होता. चुकलो तो पुढे.

दुकानदाराने जी पेटी पुढे केली तिच्यावर ‘८के’, ‘८ जीबी रॅम’, ‘१२८ जीबी’ आणि ‘सर्व चॅनेल आजीवन मोफत’ असा मजकूर होता. माझा संच १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. ८के चित्राचे त्याला प्रयोजन काय, हा प्रश्न मला सुचला नाही. ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, माझे, पेटीचे की दुकानाचे, हाही सुचला नाही. जे चित्रपट दाखविण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या दरमहा वर्गणी घेतात, ते सारे फुकट देणारा हा दानशूर कोण, हे तर मी विचारावयासच हवे होते. पावती म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर आकडा आणि तारीख मिळाली.

घरी आल्यावर पहिल्याच सायंकाळी दोन गोष्टी खटकल्या. पेटीतील व्यवस्था टीव्हीसाठी केलेली नव्हती. एखाद्या स्वस्त टॅबलेटचा पडदा उचलून भिंतीवर मारावा, तसे तिचे रूप होते, आणि रिमोटच्या बटणांनी पडद्यावर एक बाण सरकवीत, चिमुकल्या अक्षरांवर नेम धरीत सर्व कारभार करावा लागे. सौभाग्यवतींनी एका मराठी मालिकेचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केला. सहा अक्षरांना चार मिनिटे लागली. दुसरी गोष्ट अशी, की ज्या सेवेची मी रीतसर वर्गणी भरतो तिचा चित्रपट माझ्या भ्रमणध्वनीवर लख्ख दिसत असता या पेटीतून मात्र धुक्यातून पाहिल्यासारखा दिसे.

याचे कारण मला पुढे भाच्याने सांगितले, आणि ते प्रत्येक ग्राहकाने जाणून घ्यावे असे आहे. चित्रपटांचे मालक आपला माल कुलूपबंद धाडतात; ते कुलूप पेटीतील कोणत्या भागात उघडले जाते यावर, किती स्पष्ट चित्र द्यावयाचे हे ठरते. अँड्रॉइडच्या जगात या कुलपाचे नाव वाइडवाइन. त्याची सर्वांत वरची पायरी एल-१. तीत सर्व काम प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात होते. एल-३ या पायरीवर ते केवळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालते, आणि तेथे मोठ्या सेवा साधारणतः ४८० रेषांपलीकडचे चित्र देत नाहीत. माझी पेटी एल-३ची निघाली. वेष्टनावरील ८के हा पेटीचा स्वतःच्या तोंडचा दावा. एल-१ ही दुसऱ्याने तपासून दिलेली जामीनकी. कचेरीत मी पहिल्यावर कधीही विसंबलो नसतो.

एवढ्यावर भागते तर ही अंधुक चित्राची किरकोळ तक्रार ठरली असती. एके रात्री अडीचच्या सुमारास पाणी पिण्यास उठलो, तो टीव्ही बंद, सगळ्यांचे भ्रमणध्वनी उशाशी निजलेले, आणि कोपऱ्यातील राउटरचा दिवा मात्र एखाद्या लगीनघरासारखा लुकलुकत होता. मी ते मनावर घेतले नाही. त्या महिन्याच्या १९ तारखेसच ‘आपली डेटा-मर्यादा संपली’ असा निरोप आला. असे पूर्वी कधी घडले नव्हते. भाचा आला, त्याने राउटरचे पान उघडून कोणत्या उपकरणाने किती देवाणघेवाण केली याचा तक्ता माझ्यापुढे धरला. एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “मामा, ही तुमची पेटी. हिने आणलं त्यापेक्षा बाहेर पाठवलंय जास्त.”

मी लहानपणी पाहिलेला टीव्ही आठवला. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यानंतरच्या काळात ज्यांनी गच्चीवर चढून अँटेना फिरविली असेल त्यांना स्मरेल, की ती अ‍ॅल्युमिनियमची काठी आकाशातून जे येईल ते घेत असे. तिच्यातून घरातले काही बाहेर जात नसे. आजची पेटी घेतेही आणि देतेही, आणि ती काय देते हे पडद्यावर दिसत नाही. भाच्याचे अनुमान असे, की पेटीत आधीच घालून ठेवलेल्या एखाद्या प्रोग्रॅममुळे कोणा परक्याची ये-जा आमच्या घरच्या पत्त्यावरून होत असावी. म्हणजे उद्योग त्याचा आणि नोंद माझ्या नावावर. हे कल्पनेतील भय नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील एका तज्ज्ञाने टी-९५ नावाने विकल्या जाणाऱ्या पेटीत असा घातक प्रोग्रॅम आधीच भरलेला असल्याचे उघड केले. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबरसुरक्षा कार्यालयाने त्याच जातीच्या सुमारे ३०,००० उपकरणांचा चोरट्यांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना ‘बॅडबॉक्स २.०’ या अशाच बाधित उपकरणांच्या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात गूगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याच्या चालकांवर फिर्याद गुदरली. तीत बाधित उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक सांगितली आहे. माझी पेटी त्याच कुळातली होती असा पुरावा मजपाशी नाही, आणि पुराव्याविना शेरा मारण्याची मला सवय नाही; परंतु तिची तार उपटल्या रात्रीपासून दिव्याची लगबग थांबली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तार उपटून भागत नाही. पेटीत ज्या ज्या खात्यांचे परवलीचे शब्द टाकले होते ते सर्व दुसऱ्या उपकरणावरून बदलले, ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ ही सोय वापरली, आणि साठवून ठेवलेले बँकेचे कार्ड काढून टाकले. नंतर ती चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने हात वर केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला पाठ आहे, २०१९चा ग्राहक संरक्षण कायदाही मी वाचला आहे; पण तक्रार कोणाविरुद्ध लिहावी? बिल नाही, उत्पादकाचे नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही. त्या रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सातबाऱ्याचा वाद आला की तुम्ही वारसांची साखळी पणजोबापर्यंत नेता. या डब्याचा बाप कोण, एवढं विचारलं असतंत तर?” या प्रश्नास माझ्या ३३ वर्षांच्या नोकरीत उत्तर नव्हते.

आता मार्गदर्शन. कचेरीत अर्जाची आधी छाननी होते आणि नंतर स्थळपाहणी. पेटीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

छाननीचा पहिला मुद्दा बाईंचाच: धनी कोण? वेष्टनाच्या तळाशी उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, हमीची मुदत आणि पक्के बिल, यांपैकी एक जरी नसले तरी प्रकरण तेथेच निकाली काढावे. दुसरा मुद्दा वंशाचा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही ही टीव्हीसाठी सिद्ध केलेली, प्रमाणित व्यवस्था वेगळी, आणि कोणासही फुकट घेता येणारे मूळ अँड्रॉइड वेगळे. दोहोंचे तोंडवळे सारखे दिसतात. प्रमाणित उत्पादकांची यादी गूगल प्रसिद्ध करते, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’चे प्रमाणपत्र आहे की नाही हे दिसते. जी पेटी प्ले प्रोटेक्ट बंद करावयास किंवा अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप चढवावयास सांगते, ती दाराची कडी काढून ठेवावयास सांगते असे समजावे. तिसरा मुद्दा आपल्या संचाचा. संच साधा १०८० रेषांचा असेल तर ४के पेटीचे जादा पैसे व्यर्थ. ४के असेल तर त्याच्या कोणत्या एचडीएमआय छिद्राला एचडीसीपी २.२ची, म्हणजे तारेतून जाणाऱ्या चित्राच्या कुलपाची, मान्यता आहे ते पाहावे, कारण अनेक जुन्या संचांत ती एकाच छिद्राला असते. पेटी पाच-सात वर्षे टिकावी अशी इच्छा असेल तर २०१८ साली आलेली एव्ही-१ ही चित्र आटोपशीर करण्याची पद्धती तिच्या प्रोसेसरला येते का, एवढे विचारून घ्यावे.

स्थळपाहणी घरीच करावी लागते. दुकानातील संच, दुकानातील इंटरनेट आणि दुकानदाराचा सराईत अंगठा हे तिन्ही घरी येत नाहीत. नवखा पाहुणा आपण पहिल्या दिवशी ओसरीवर बसवतो, एकदम माजघरात नेत नाही. तद्वत पहिला आठवडा पेटी राउटरच्या पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वाय-फायवर ठेवावी, आणि दोन-तीन दिवसांनी, टीव्ही बंद असता रात्री तिने काय केले याचा तक्ता पाहावा. एकच चित्रपट, एकच प्रसंग, भ्रमणध्वनीवर आणि पेटीवर लागोपाठ पाहावा. अंधुकपणा लगेच उघडा पडतो. कॅमेरा सावकाश वळतो असा एखादा प्रसंग लावावा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा आणि पेटी बहुधा ६० वेळा चित्र धाडणारी. त्यामुळे एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असा हिशेब जुळवावा लागतो आणि दृश्य सरकताना अडखळते. चांगल्या पेटीत हा वेग मूळ चित्रपटाशी जुळविण्याची सोय असते. बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज यांचे सख्य आहे ना, तेही याच वेळी पाहावे.

मग इंटरनेटचा हिशेब. मोठ्या सेवांच्या सांगण्याप्रमाणे १०८० रेषांच्या चित्रास सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट आणि ४के चित्रास १५ मेगाबिट वेग लागतो. तो राउटरजवळ उभे राहून मोजू नये, टीव्हीच्या कपाटापाशी मोजावा. ४के चित्र तासाला ७ जीबीपर्यंत खाते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेसतरा जीबी, हे मर्यादित योजनेवाल्यांनी ध्यानात ठेवावे. शक्य तेथे इंटरनेटची तार जोडावी. नाहीतर ५ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय वापरावे, आणि मध्ये भिंती फार असतील तर २.४चे. पेटीऐवजी काडीसारखे उपकरण असेल तर ते टीव्हीच्या यूएसबी छिद्रावर न चालविता सोबतच्या अडॅप्टरवरच चालवावे, अन्यथा अपुऱ्या विजेने ते मध्येच बंद-चालू होते आणि दोष इंटरनेटला लागतो. दोन तासांनंतर पेटीवर तळहात ठेवावा. हात ठेववत नसेल तर बंद कपाटात तिचा निभाव लागणार नाही. शेवटी रिमोट घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या हाती द्यावा, काही न शिकविता ‘नेहमीची मालिका लावा’ म्हणावे, आणि आपण हाताची घडी घालून बसावे. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ही साक्ष मोलाची.

मी दुसरी पेटी अशा रीतीने पारखून घेतली: १०८० रेषांची, प्रमाणित, नाव-पत्ता असलेली, सौभाग्यवतींची मालिका तिच्यावर चार बटणांत लागते. बिल फाईलला लावले आहे. तुमच्याकडे पेटी येईल त्या दिवशी, तार जोडण्यापूर्वी, एवढे एक अगत्याने करा: बिलावरची परतीची शेवटची तारीख पाहा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात तिच्याभोवती तांबड्या शाईने गोल काढा. सगळ्या परीक्षा त्या गोलाच्या अलीकडे उरका.